ठांगीचें बीं आणि चाराचें रोप

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या हिमाचल प्रदेशांतून परत आला तेव्हां त्याच्या सामानांत एक कापडी पिशवी होती. पिशवींत सुपारीहून थोडीं लहान, तपकिरी रंगाचीं व टणक कवचाचीं फळें होतीं. “काका, ही ठांगी,” तो म्हणाला. “चंबा जिल्ह्यांतल्या पांगी खोऱ्यांत रानांत होते. ज्याला हेझलनट म्हणतात त्याचेंच हें पहाडी भावंड.” घरांतील मंडळींनीं अडकित्ता घेऊन लागलीच परीक्षा आरंभिली. आंतील गर बदामाहून मऊ आणि खोबऱ्याच्या अंगाचा गोड लागला. फराळाचें ताट बाजूला राहून अर्धी पिशवी तेथेंच संपली.

आमची नात इयत्ता चौथींत आहे. पावाला लावावयाच्या चॉकलेटच्या बाटलीवर ह्या फळाचें चित्र तिनें पाहिलें होतें. “आजोबा, हें पेरलें तर आपल्या परसांत येईल का?” तिनें विचारलें. छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत गेलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे पंगतींत पानावर पडलेली जिलबी. नको म्हणवत नाहीं. “पेरून पाहूं,” असें मीं सांगितलें आणि बारा फळें बाजूला काढून ठेवलीं.

थंड मुलखांतील पुष्कळ वृक्षांच्या बीजांना एक उपजत शहाणपण असतें. फळ शरदृतूंत गळून पडतें. तें लागलीच रुजलें तर कोंवळा अंकुर पुढच्या हिमांत मरावयाचा. म्हणून बीजाच्या आंत उगवण रोखून धरणारीं द्रव्यें असतात, आणि तीन-चार महिने ओलाव्यांत व थंडींत पडून राहिल्यावांचून त्यांचा जोर ओसरत नाहीं. हिवाळा खरोखरच होऊन गेला अशी बीजाची खात्री पटावी लागते. आमच्या चिंचवडांत असा हिवाळा एकाच ठिकाणीं मिळतो. तो म्हणजे स्वयंपाकघरांतील फ्रिजमध्यें. फळें दोन दिवस पाण्यांत भिजवावीं, तरंगतील तीं टाकून द्यावीं, आणि उरलेलीं ओलसर वाळूंत घालून झांकणाच्या डब्यांत खालच्या कप्प्यांत ठेवावीं. वाळू इतकीच ओली असावी कीं मुठींत दाबली असतां पाणी गळूं नये. दर पंधरवड्यास डबा उघडून वारा द्यावा व बुरशी आलेलें फळ काढून टाकावें.

हें सर्व लिहावयास सोपें आहे. प्रत्यक्षांत आमच्या सौ.नीं पहिल्याच दिवशीं हरकत घेतली. “नैवेद्याच्या दुधाशेजारीं मातीचा डबा?” त्या म्हणाल्या. ही माती नसून धुतलेली वाळू आहे, हा माझा युक्तिवाद टिकला नाहीं. सूनबाईंनीं तोड काढली. डबा भाजीच्या खणांत, कोथिंबिरीच्या मागें गेला. तेथें तो फाल्गुनापर्यंत होता. मध्यंतरीं एकदां एका पाहुणीनें लोणच्याचा डबा समजून तो उघडला. त्याचें वर्णन येथें करीत नाहीं.

ह्या चार महिन्यांत मीं त्या झाडाविषयीं मिळेल तें वाचलें. जगांतील निम्म्याहून अधिक हेझलनट एकट्या तुर्कस्तानांत होतात. ओर्दू, गिरेसुन वगैरे काळ्या समुद्राच्या काठचे प्रांत त्यांबद्दल प्रसिद्ध आहेत. अमेरिकेंत हीं झाडें जवळजवळ सगळीं ऑरेगन राज्याच्या एका खोऱ्यांत आहेत. आपल्याच जिल्ह्यांत बारामतीला फेरेरो ह्या इटालियन कंपनीचा कारखाना आहे, आणि ह्या कंपनीची कीर्ति हेझलनटाच्या चॉकलेटावरच उभी आहे. म्हणजे ज्या फळाचें झाड पुणें जिल्ह्यांत कोणीं पाहिलें नाहीं, त्याची गोडी मात्र येथल्या पोरांच्या जिभेवर आहे.

त्या झाडाचा संसारही मोठा चमत्कारिक आहे. ऐन हिवाळ्यांत, पानें नसतांना तें फुलतें. नरपुष्पांचे पिवळसर तुरे फांद्यांवरून खालीं लोंबतात; स्त्रीपुष्प एवढेंसें, कळीच्या टोकाला दिसणारे चारदोन लाल धागे, इतकेंच. परागकण वाऱ्यानें येतात, आणि आल्यानंतरही खरें फलन होण्यास चार-पांच महिने लागतात. शिवाय हें झाड स्वतःचे पराग स्वीकारीत नाहीं. एवढेंच नव्हे, तर शेजारच्या झाडाचा व ह्याचा एक विशिष्ट आनुवंशिक घटक सारखा निघाला तर त्याचेही पराग नाकारतें. आमच्या सौ.ना हें सांगतांच त्या म्हणाल्या, “म्हणजे सगोत्र चालत नाहीं!” वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना हा विषय ह्याहून थोडक्यांत सांगतां आला नसता. तेव्हां फळ हवें असेल त्यानें भिन्न गोत्राचीं निदान दोन झाडें लाविलीं पाहिजेत.

पण खरी अडचण पुढेंच आहे. बीजाप्रमाणें झाडालाही हिवाळा लागतो, आणि तो एकदां नव्हे, दर वर्षीं. हेझलनटाच्या कळ्या उमलावयाच्या तर सात अंशांखालील थंडी साधारणपणें आठशें ते बाराशें तास मिळावी लागते. आमच्याकडे पौषांतल्या पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर उतरतो, एखाद्या वर्षीं त्याच्याही खालीं जातो. पण ऊन वर येतांच तो पंचविशी ओलांडतो. बाराशें तास तर सोडाच, बारा रात्री मोजतांना पंचाईत. बीं फ्रिजमध्यें निजवितां येईल. झाड कोठें निजविणार?

हें मला मार्गशीर्षांतच समजलें होतें. नात रोज शाळेंतून आल्यावर भाजीचा खण उघडून डब्याकडे पाही. तिला सांगावयास हवें होतें. मीं सांगितलें नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों. ठांगीचें शास्त्रीय नांव कॉरिलस जाकमाँती. हें नांव ज्याच्यावरून पडलें तो व्हिक्टर जाकमाँ हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८२९ सालीं कलकत्त्यास उतरला. पॅरिसच्या सरकारी संग्रहालयासाठीं वनस्पति व खनिजें गोळा करणें हें त्याचें काम. सिमल्यावरून तो हिमालयांत शिरला, लाहोरास रणजितसिंगांच्या दरबारीं गेला, काश्मीर फिरला, आणि तेथून दक्षिणेस वळून १८३२ च्या पावसाळ्यांत पुण्यास येऊन राहिला. पुढें मुंबईस त्याला दुखणें जडलें आणि त्याच वर्षीं ७ डिसेंबर रोजीं तो तेथेंच वारला. वय अवघें एकतीस. त्याच्या मागें त्याचे संग्रह पॅरिसांत तपासले गेले आणि देकेन नांवाच्या शास्त्रज्ञानें ह्या पहाडी झाडाला त्याचें नांव दिलें. पुण्याहून मुंबईस जाणारी बोरघाटाची नवी सडक त्यापूर्वीं दोनच वर्षें आधीं खुली झाली होती. त्या सडकेनें तो गेला असल्यास आमच्या गांवाजवळूनच गेला असला पाहिजे, असा विचार मनांत येऊन मला उगीच आपलेपणा वाटला. पांगीचीं फळें फ्रिजमध्यें आणि त्यांना नांव देऊन गेलेला मनुष्य येथून एका मजलेवर निजलेला, असें कांहींसें. पुढें त्याच्या अस्थि मायदेशीं नेण्यांत आल्या.

फाल्गुनांत बारापैकीं तीन फळें फुटलीं. चैत्राच्या आरंभीं तीन रोपें वर आलीं. गोलसर, किंचित् केसाळ, कडेला दांतेरी अशीं पानें. नातीनें शाळेंतील मैत्रिणींना बोलावून आणून तीं दाखविलीं. चैत्र सरतां सरतां पानांच्या कडा जळूं लागल्या. आम्हीं गोणपाटाचा आडोसा केला, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलें, कुंड्या आडाच्या सावलींत नेल्या. अक्षय्यतृतीयेला दोन रोपें गेलीं आणि तिसरें त्यानंतर आठवड्यानें.

पोर रडली. रडण्याचें कांहीं नाहीं, मुलें रडतात. पण दुसऱ्या दिवशीं तिनें विचारलें, “आजोबा, तुम्हांला माहीत होतें?” मीं होय म्हटलें. ती कांहीं बोलली नाहीं, पण त्या दिवशीं संध्याकाळीं परवचा म्हणावयास ती माझ्याजवळ न बसतां आजीजवळ जाऊन बसली. वर्गांत न येणारें उत्तर ‘मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों’ असें म्हणण्यास मी कधीं लाजलों नाहीं. ठाऊक असलेलें उत्तर दडविण्याचा प्रसंग माझ्यावर सेवानिवृत्तीनंतर, माझ्याच घरांत यावा, ह्याचें मला फार वाईट वाटलें.

ह्यानंतर काय पेरावें ह्याचा विचार मीं एकट्यानें केला नाहीं. तिला बरोबर घेऊन केला. काजू कोंकणांतला, पोर्तुगीजांनीं आणलेला, आणि त्याला तेथलें दमट हवामान मानवलें. आमच्या परसांत तो वाढेल, पण रुसून. देशी बदाम उगवण्यास अगदीं सोपा, पण त्याचीं मुळें फरशी उचलतात आणि गर निघतो तो करंगळीएवढा. मग सूनबाईंनीं सहज म्हटलें, “श्रीखंडांत आपण घालतों ती चारोळी कुठें उगवते हो?”

ह्या प्रश्नानें मी खजील झालों. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत अकालीं वसंत अवतरतो, तेव्हां प्रियालवृक्षाच्या मोहोराचे कण डोळ्यांत जाऊन हरिणांना दिसेनासें होतें. तो श्लोक मीं कित्येक मुलांकडून पाठ करून घेतला आहे. ‘प्रियाल म्हणजे चारोळीचें झाड’ एवढें फळ्यावर लिहून मी पुढें जात असें. तें झाड मीं स्वतः कधींही पाहिलें नव्हतें. बासुंदींत, खिरींत, श्रीखंडांत आयुष्यभर चारोळी खाल्ली, पण ती वाण्याच्या पुडींत जन्मते असाच जणूं माझा समज होता.

चार हा मूळचा आपल्याच देशांतील वृक्ष. आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा ह्यांच्याच कुळांतला. ह्या कुळाची रीत अशी कीं गोड तें बहुधा कठीण किंवा दाहक कवचाच्या आड ठेवावयाचें. बिब्ब्याच्या तेलानें कातडी उततें आणि त्याच्याच पोटांत बाळंतिणीच्या लाडवांची गोडंबी असते. चाराचें कवच दाहक नाहीं, केवळ हट्टी आहे. झाड तीस-चाळीस फूट उंच होतें, साल काळसर व मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, पानें जाड व बोथट टोंकांचीं. माघ-फाल्गुनांत बारीक पांढुरका मोहोर येतो आणि वैशाख-ज्येष्ठांत करवंदासारखीं काळीं फळें पिकतात. वरचा गर आंबटगोड. तो पोरें, पांखरें आणि अस्वलें सारख्याच आवडीनें खातात. आंतील आठळी फोडली म्हणजे चारोळी. तिच्यांत निम्म्याहून अधिक तेल असतें.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडील सातपुडा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येथील रानांत हा वृक्ष आहे. तेथील आदिवासी कुटुंबें उन्हाळ्यांत फळें वेंचतात. बस्तराकडे एके काळीं चारोळी मिठाच्या बदल्यांत देत असत, असें सांगतात. कोणत्या दरानें तें ऐकावेंसें वाटत नाहीं. आज चारोळी बाजारांत महाग आहे, आणि महाग आहे म्हणूनच झाडाचे हाल आहेत. दुसऱ्यानें नेण्यापूर्वीं आपण न्यावीं म्हणून फळें कच्चींच उतरवितात, फांद्याच्या फांद्या तोडतात. कच्च्या आठळीला अंकुर येत नाहीं. त्यामुळें रानांत नवीं रोपें कमी दिसूं लागलीं आहेत. आमच्या पाडव्याच्या श्रीखंडाचा ह्याच्याशीं संबंध आहे, हें मला अडुसष्टाव्या वर्षीं समजलें.

नातीनें मला न विचारतां पहिला प्रयोग केला. स्वयंपाकघरांतील डब्यांतली चिमूटभर चारोळी कुंडींत पेरली. आठ दिवसांत ती कुजली. सोललेल्या चारोळीला रुजण्याची शक्ति राहिलेली नसते. आठळी सबंध हवी आणि ती त्याच उन्हाळ्यांतली हवी. माझा एक जुना विद्यार्थी गडचिरोलीस नोकरीला आहे. त्यानें वैशाखाच्या अखेरीस झाडावर पिकून गळलेलीं शेरभर फळें पाठविलीं. वाटेंत तीं थोडीं आंबलीं, पण त्यानें बिघडलें नाहीं. गर काढावयाचाच असतो. वाळू घालून पाण्यांत चोळलें कीं गर सुटतो. मग पाण्यावर तरंगणाऱ्या आठळ्या टाकल्या, बुडालेल्या सावलींत वाळविल्या.

चाराचें बीं फ्रिज मागत नाहीं. त्याची अडचण उलट आहे. तें जितकें ठेवावें तितकें निकामी होतें. कांहीं महिन्यांत त्याची उगवण अगदीं खालीं येते. आणि कवच इतकें घट्ट कीं पाणी व मूळ दोघांनाही तें आडवें येतें. तेव्हां आठळी अलगद तडकवावी लागते, पण आंतील गराला इजा होतां कामा नये. हें काम अडकित्त्याचें नव्हे. अडकित्ता कवचाबरोबर गरही चिरतो. आमच्या चिरंजीवांनीं चाकणच्या कारखान्यांतील आपली विद्या येथें उपयोगांत आणली. लहान शेगड्यांत आठळी धरून, तिच्या शिवणीवर जोर येईल अशी बसवून, दांडा केसभर फिरवावयाचा. ‘टक्’ असा आवाज आला कीं थांबावयाचें. रात्रपाळीहून येऊन चहा घेतां घेतां त्यानें तीस आठळ्या तडकविल्या. दहा तशाच ठेविल्या, ताडून पाहण्यासाठीं. सगळ्या रात्रभर पाण्यांत ठेवून सकाळीं लाविल्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत. आठळी पेराभर खोल, त्याहून खालीं नाहीं. पाणी बेतानें, कारण ह्या बीजाला बुरशी लवकर धरते.

तीन आठवड्यांच्या आंत तडकविलेल्या तिसांपैकीं अकरा उगवल्या. न तडकविलेल्या दहांतून एक. हा आंकडा नातीनें आपल्या वहींत लिहून ठेविला आहे आणि त्याखालीं माझी सही घेतली आहे. ह्या वेळीं तिला सही हवी होती, हें मी समजलों.

मीं तिला सर्व सांगितलें. बियांपासून वाढविलेल्या चाराला फळ येण्यास आठ-दहा वर्षें लागतात. फळ आईच्या झाडासारखेंच येईल असें नाहीं. म्हणून बागाईत करणाऱ्यांनीं कलमेंच लावावीं. गुजरातेंत गोध्र्याजवळील वेजलपूर येथें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचें केंद्र आहे, तेथें ‘थार प्रिया’ नांवाची निवडक जात तयार झालेली आहे. परसांतल्या एका झाडासाठीं मात्र बीं पुरें. तिनें बोटांवर हिशेब केला. “मी एकोणीस वर्षांची होईन. आणि तुम्ही अठ्ठ्याहत्तर.” मीं म्हटलें, “असलों तर.” ती म्हणाली, “तें मी वहींत लिहीत नाहीं.”

आतां अडचण आहे ती जागेची. चाराचें मुख्य मूळ प्रथमपासूनच सरळ खोल जातें. उथळ पिशवींत तें तळाशीं वळसे घेतें, आणि असें वेटोळें झालेलें रोप पुढें जमिनींत लाविलें तरी खुरटतें. म्हणून पिशवी हातभर उंचीची घ्यावी आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडीं रोप कायमच्या जागीं गेलेंच पाहिजे. आमची जागा तिघां भावांची सामाईक. जुना वाडा पाडून इमारत बांधावी, असा प्रस्ताव दोन वर्षांपासून घरांत आहे. धाकट्या भावांना तो हवा आहे आणि त्यांचें म्हणणें मला चुकीचें वाटत नाहीं. वाड्याची मागची भिंत गेल्या श्रावणांत पुन्हां फुगली. चिरंजीव मला एके रात्रीं म्हणाला, “अण्णा, आज लावाल आणि उद्यां तें मधें आलें तर तोडावयासही महापालिकेची परवानगी लागेल. पंचाहत्तर सालचा वृक्षांचा कायदा आहे.” तो कायदा मला ठाऊक आहे. खरें सांगावयाचें तर झाड लवकर लावून टाकावें, म्हणजे तो कायदाच आपल्या बाजूनें उभा राहील, असा दुष्ट विचार माझ्या मनांत येऊन गेला होता. पोरग्यानें तो ओळखला असावा.

घरांत झांकून ठेवून झाड लावावयाचें नाहीं, असें ठरवून मीं भावांना नवरात्राच्या सुटींत बोलावलें. कागदावर जागेचा नकाशा काढला. इमारत झाली तरी भोंवतीं मोकळी जागा सोडावी लागतेच. आडाच्या पलीकडे, पश्चिमेच्या कोंपऱ्यांत, ती जरा अधिक रुंद पडते. मधल्या भावानें फीत धरली, नातीनें दुसरें टोंक धरलें. धाकटी वहिनी म्हणाली, “तिथें गाड्या उभ्या राहतील.” त्यावर अर्धा तास बोलणें झालें. अखेर दहा फूट औरसचौरस जागा झाडासाठीं नकाशावर दाखवावी, असें तिघांनीं मान्य केलें, सह्या दिवाळीनंतर. नाहीं झाल्या तर पुतण्याच्या सासऱ्यांची खेड तालुक्यांत माळजमीन आहे, तेथें रोपें जातील. त्यांतल्या चार रोपांसाठीं तेथें खड्डे आखून झालेच आहेत.

बारांपैकीं नऊ रोपें सध्यां जिवंत आहेत. एक गोगलगाईनें खाल्लें, दोन पाणी अधिक झाल्यानें गेलीं. ती चूक माझी. दर अमावास्येला पिशव्या उचलून तळाच्या भोंकांतून मूळ बाहेर डोकावतें आहे का, तें आम्ही पाहतों. भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत एकाही पिशवींतून बाहेर आलेलें नव्हतें. वहींत तसें लिहिलें आहे.